गोल्फचे शब्द आणि आमचं बिऱ्हाड

मी भेंडी चिरत होते. हे कंपनीतून आले आणि चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "तुला गोल्फ येतं का?"

"लगोरी येते," मी म्हटलं. "शिकवू?"

एरवी हे हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. मी सुरी खाली ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं की हा माणूस विनोदाला हसला नाही तर काहीतरी बिनसलेलं असतं.

मी सिल्वासात सरकारी मराठी शाळेत शिकवते. माझं माहेर गुहागरकडचं, सासर धुळ्याकडचं, आणि बिऱ्हाड डोकमर्डीला, एका सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर. हे सामरवरणीला धाग्याच्या कंपनीत प्रॉडक्शन बघतात. या सगळ्यात गोल्फ कुठून येणार? तो आला दिल्लीहून, नव्या डायरेक्टरसाहेबांच्या गाडीच्या डिकीतून. साहेबांनी आल्या आल्या कंपनीचे हिशेब नंतर मागितले, आधी विचारलं की इथे गोल्फ कुठे खेळतात. खानवेलच्या वाटेवर एका रिसॉर्टनं डोंगराच्या कडेला छोटंसं मैदान केलंय, ते आम्हा कुणाला ठाऊकही नव्हतं. साहेबांना ते दोन दिवसांत सापडलं.

तोपर्यंत कंपनीत एक कुजबुज सुरू झाली होती. मालकांनी ओडिशात नवा प्लांट टाकला होता आणि इथला एक मॅनेजर तिकडे जाणार, हे पक्कं होतं. जाणार तो दोघांपैकी एक: एक तर आमचे हे, नाहीतर क्वालिटी बघणारे भाई, जे आमच्याच वरच्या मजल्यावर राहत. कोण जाणार हे कुणी सांगत नव्हतं. साहेब कुणाला न सांगता सगळं ठरवणाऱ्यांतले. पण कॅन्टीनमध्ये निकाल लागून गेला होता. साहेबांच्या मर्जीतला माणूस इथे राहणार आणि दुसऱ्याला गाठोडं बांधावं लागणार. आणि साहेबांची मर्जी मिळवायची तर गोल्फ. साहेबांनी दोघांनाही बोलावलं होतं. या रविवारी भाई, पुढच्या रविवारी हे. साहेबांच्या जोडीनं खेळायचं, गलोंड्याच्या एका कंपनीतल्या दोघांविरुद्ध.

ओडिशाला जायचं तर यांनी एकट्यानं जायचं, हे सांगायची गरज नव्हती. माझी नोकरी या चिमुकल्या केंद्रशासित प्रदेशातली, बदली झाली तर फार तर दादऱ्याला नाहीतर खानवेलला होईल. लेक दहावीत. आणि वेगळं राहणं म्हणजे काय असतं, हे आम्ही एकदा पुरेपूर भोगलं होतं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं हे मध्य प्रदेशात एका कारखान्यात होते आणि मी इथे. महिन्यातून एकदा वापी स्टेशनावर उतरायचे. लेक तेव्हा लहान होती. तिला मी शिकवलं होतं की पाहुणे आले की पाणी द्यावं आणि बसा म्हणावं. एकदा हे आले तशी ती ट्रेमध्ये पेला घेऊन आली, "बसा" म्हणाली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "तुम्ही कधी जाणार?" हे हसत पाणी प्यायले. मग बाथरूममध्ये गेले ते बराच वेळ नळ चालू ठेवून आतच राहिले. पुढे सामरवरणीची ही नोकरी लागली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली आणि ठरवलं की आता पुन्हा नाही.

तेव्हा त्या भेंडीच्या दिवशी मी यांना म्हटलं, "येत नाही. पण शिकवीन."

शिकवणं हा माझा धंदा आहे. वर्गात मी ओढा न पाहिलेल्या पोरांना ओढा शिकवते आणि समुद्र न पाहिलेल्यांना समुद्र. गोल्फ काय मोठं? रात्रीचं जेवण आटोपल्यावर लेकीनं मोबाइलवर शोधायचं, मी ते समजून घ्यायचं आणि यांना समजेल असं करून सांगायचं, असं ठरलं. फटका मारणं पंधरवड्यात कुणालाच येत नाही, हे आम्हाला पहिल्याच व्हिडिओत कळलं. पण निदान साहेब काय बोलतायत ते कळावं, तोंड उघडं टाकून उभं राहायची वेळ येऊ नये, एवढी माझी माफक इच्छा होती.

मी ओट्यावर मैदान मांडलं. पोळपाट म्हणजे ग्रीन, अगदी बारीक कापलेल्या गवताचा गोल तुकडा, त्याच्या मध्ये वाटी म्हणजे होल. ओट्याची मधली स्वच्छ पट्टी म्हणजे फेअरवे, चेंडू तिथे पडला तर आपण भाग्यवान. दोन्ही बाजूंना कोथिंबिरीच्या जुड्या ठेवल्या, ते रफ, वाढलेलं गवत, तिथे गेलेला चेंडू शोधत बसायचं. पोळपाटाजवळ रव्याचा ढीग केला, तो बंकर.

"हे रोजचंच आहे," हे म्हणाले. "आपल्या गेटबाहेर बिल्डरनं टाकलाय तो."

"तोच. त्यात स्कूटर रुतली की जे होतं, तेच चेंडूचं होतं."

टी म्हणजे सुरुवात करायची जागा, आणि चेंडू ज्याच्यावर ठेवायचा ती बोटाएवढी खुंटी, तिलाही टीच म्हणायचं. लांब मारायला ड्रायव्हर, मधल्या फटक्यांना आयर्न, आणि पोळपाटावर आल्यावर हळूच ढकलायला पटर. हे सगळं यांनी भराभर घेतलं. मशिनीच्या माणसाला हत्यारांची नावं लगेच बसतात. घोडं अडलं ते पारपाशी.

"प्रत्येक होलला फटके ठरवून दिलेले असतात," मी म्हटलं. "समजा चार. चारात वाटीत घातलात तर पार. तीनात घातलात तर बर्डी. दोनात घातलात तर ईगल. आणि पाच लागले तर बोगी."

"म्हणजे पाचवाला जिंकला?"

"नाही. तीनवाला."

"बाबा, कमी मारणारा जिंकतो," लेक म्हणाली.

यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "माले काय समजस नही हाई," हे पुटपुटले. घाबरले की यांच्या तोंडी त्यांच्या आईची बोली येते. "आमच्याकडे ठरल्यापेक्षा कमी निघालं की मेमो येतो. आणि इथे टाळ्या?"

मी त्यांना कंपनीतलंच उदाहरण दिलं. एक रीळ भरायला धागा किती वेळा तुटला? जितका कमी तुटला तितका ऑपरेटर चांगला. तसं हे. एकदम चेहरा उजळला. "असं सांग ना मग!" म्हणाले. मला वाटलं, चला, निम्मं काम झालं.

हँडिकॅप तर चुटकीसरशी झालं. कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. "म्हणजे लिंबूटिंबू," हे म्हणाले, आणि त्याहून चांगला अर्थ मलाही सुचला नसता. चेंडू कुणाच्या अंगावर जातोय असं दिसलं की "फोर!" म्हणून ओरडायचं. त्याची तालीम यांनी गॅलरीत केली आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी कोण मेलं म्हणून वर फोन केला.

मग एका रात्री गिमी आला.

"हे बघा," मी म्हटलं, "जोडीच्या सामन्यात समोरच्याचा चेंडू वाटीच्या अगदी जवळ असेल, आता चुकणारच नाही इतका जवळ, तर आपण म्हणू शकतो की राहू द्या, गेला असं समजा. मग त्याला तो ढकलावा लागत नाही. फटका मोजला जातो आणि चेंडू उचलायचा. याला म्हणतात गिमी."

"आपण म्हणायचं? समोरच्याला?"

"आपणच. आणि एकदा दिला की परत घेता येत नाही."

हे इतके खूश झाले की लेकीनं मोबाइलवरून मान वर केली. "अरे, हा तर चांगल्या माणसांचा खेळ आहे," हे म्हणाले. "मला उगाच वाटत होतं श्रीमंतांचा आहे."

मी पुढे सांगितलं की अंतर फार तर पटरच्या मुठीएवढं असावं, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत धरा, त्याहून लांब असेल तर मुळीच द्यायचा नाही. मी हातावर दाखवलंसुद्धा. पण वर्गात जसं असतं तसंच झालं. पोराला धड्यातली एक ओळ आवडली की पुढचं सगळं हवेत जातं. हे तोवर स्वतःशीच म्हणत होते, "म्हणजे चालशे."

चालशे हा आमच्या गावाचा शब्द आहे. सिल्वासात तुम्ही कुठूनही आला असा, महिनाभरात तो तोंडात बसतो. भाजीवाल्याकडे सुटे नाहीत, चालशे. रिक्षा थोडी अलीकडे थांबली, चालशे. आणि आमचे हे तर चालशेचे घाऊक व्यापारी. यांच्या हाताखाली नंदुरबार-धुळ्याकडची पुष्कळ माणसं. होळी आली की सगळ्यांना एकदम गावी जायचं असतं. हे सगळ्यांना सुट्टी देतात आणि मग स्वतः मशिनींमध्ये उभे राहतात. कुणी पाळी बदलून मागितली, दिली. कुणी उशिरा आला, चालशे. मी कितीदा म्हटलंय की अहो, कधीतरी नाही म्हणून बघा, दात पडत नाहीत. त्यावर हे म्हणतात, "त्याला गरज होती म्हणून विचारलं ना?" पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

पहिल्या रविवारी भाई खेळून आले. त्यांनी वापीच्या कुणाकडून तरी चार वर्ग लावले होते, हातमोजाही घेतला होता. संध्याकाळी त्यांची बायको खाली आली. तिला आम्ही वरच्या बेन म्हणतो, ती वलसाडकडची, मनानं सरळ. हांडव्याचा तुकडा पुढे ठेवत म्हणाली, "बेन, ते जिंकले. समोरच्या माणसाचा बॉल इतका जवळ होता," तिनं बोटं पसरून वीतभर अंतर दाखवलं, "पण यांनी सोडला नाही. बोलले, मारो. आणि त्याचा चुकला!"

मी हांडवा खाल्ला. तो नेहमीसारखा उत्तम झाला होता आणि मी तसं तिला सांगितलं. वीतभर चेंडूलाही न सोडणारा माणूस एकीकडे आणि आमचे हे दुसरीकडे. ओडिशाची गाडी कुणासाठी थांबली आहे ते मला दिसायला लागलं.

पुढच्या रविवारी बायकांनाही नाश्त्याला बोलावलं होतं. मी आणि बेन रिसॉर्टच्या व्हरांड्यात बसलो. समोरच शेवटचं ग्रीन होतं, त्यामुळे आधीचं काही दिसत नव्हतं, फक्त शेवट दिसणार होता. मला तेच बरं वाटलं. उपमा आला, चहा आला, दोन्ही निवले. मैदान मात्र सुंदर होतं, कबूल करते. असं गवत आमच्याकडे ऑगस्टमध्येसुद्धा नसतं.

मग चौघं येताना दिसले. साहेब पुढे, हे त्यांच्या मागे, आणि गलोंड्याचे दोघं. त्यांतला एक बराच वयस्कर होता, गुडघ्याला पट्टा बांधलेला. एक पोरगेलासा वेटर सांगून गेला की सामना अगदी बरोबरीत आहे. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे यांनी फार काही घाण केलेली नव्हती! नंतर कळलं की यांचे चेंडू रफमध्येच फिरत होते आणि साहेब एकटे दोघांचं खेळत होते. पण जोडीच्या सामन्यात दोघांपैकी ज्याचा डाव चांगला तोच धरतात, त्यामुळे यांचं झाकलं गेलं होतं.

शेवटच्या ग्रीनवर हे आणि गलोंड्याचा दुसरा, तरुण खेळाडू बाद झाल्यासारखेच होते. साहेबांनी पाचव्या फटक्यात चेंडू आत घातला. आता त्या वयस्कर गृहस्थांचा चौथा फटका होता. चेंडू आत गेला तर सामना त्यांचा. चुकला तर पाचव्यात संपवून बरोबरी. आणि चेंडू जवळ नव्हता. मध्ये उतार होता आणि अंतर आमच्या पलंगाएवढं तरी होतं. मी हातावर दाखवलेलं अंतर कुठे आणि हे कुठे.

ते गृहस्थ चेंडूपाशी उभे राहिले. मागे सरकले. रुमालानं तळवे पुसले. पुन्हा उभे राहिले. गुडघा दुखत असावा, कारण एकदा ते तोल सावरत पटरवर टेकले. मी व्हरांड्यातून मनातल्या मनात त्या भल्या माणसाला म्हणत होते, चुका हो, चुका. मला त्याची लाज वाटत नाही.

आणि तेवढ्यात आमच्या यांचा आवाज आला. मोठा, स्वच्छ, आनंदी.

"दिला, सर! चालशे!"

आणि नुसते म्हणून थांबले नाहीत. पुढे जाऊन वाकले, चेंडू उचलला, शर्टाला पुसला आणि दोन्ही हातांनी त्या गृहस्थांना दिला, जसा आपण सत्यनारायणाचा प्रसाद देतो.

ते गृहस्थ हातातल्या चेंडूकडे बघत राहिले. मग त्यांच्या जोडीदाराला उमगलं की आपण जिंकलो, आणि त्यानं टोपी काढली. बेननं माझा दंड धरला. "बेन, आ शुं कर्युं?" ती कुजबुजली. साहेब यांच्याकडे बघत होते. अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, "आपने दे दिया?"

"हाँ सर," हे म्हणाले. "उनका घुटना दुख रहा था."

साहेबांनी पुन्हा एकदा त्या उताराकडे पाहिलं आणि पटर पिशवीत घातला.

परतीच्या वाटेवर मी जे बोलले ते इथे सगळं लिहिण्यासारखं नाही. "पलंगाएवढं अंतर हो! पलंगाएवढं! कोपर दाखवलं होतं ना मी? कोपर म्हणजे पलंग असतो का?" हे गाडी चालवत होते. शेवटी म्हणाले, "त्यांना धड उभंही राहवत नव्हतं गं. मला बघवेना." मला रडू आलं, आणि रागही आला की रडू या माणसाच्या चांगुलपणावर यावं. लेकीला घरी आल्यावर सांगितलं तेव्हा ती उठली. आत जाऊन दार लोटून घेतलं.

त्या दिवशी दुपारभर मी स्वयंपाकघरात उभी राहून मनात भांडी वाटत होते. छोटा कुकर यांच्याबरोबर जाईल. पोळपाट नको, हे पोळ्या थोड्याच लाटणार. दोन ताटं, दोन वाट्या. मग वाटलं, दोन कशाला? एकच ताट लागेल. तिथे मी थांबले आणि फडताळ बंद केलं.

सोमवारी सकाळी यांना साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आहे, असा निरोप घरून निघण्याआधीच आला. मी शाळेत गेले. मुलांना विरुद्धार्थी शब्द लिहायला सांगितले आणि स्वतः खिडकीतून बाहेर बघत बसले. एका मुलीनं येऊन विचारलं, "बाई, लांब म्हणजे जवळच ना?" मी तिला बरोबर म्हणून टाकलं. नंतर लक्षात आलं की तिनं विरुद्धार्थीच विचारला होता, म्हणजे खरंच बरोबर होतं, पण तेव्हा ती काय बोलतेय हे माझ्या कानात शिरलंच नव्हतं.

मधल्या सुट्टीत फाटकाशी हे दिसले. कामाच्या दिवशी, भर सकाळी, शाळेच्या फाटकात. असे ते कधीच आलेले नव्हते. पोरं खिचडीच्या रांगेत होती. मी मैदान ओलांडून गेले तेव्हा वाटेत मला एवढंच वाटत होतं की कधी निघायचं ते यांनी पटकन सांगावं, उगाच प्रस्तावना करू नये.

यांचा चेहरा पडला होता. मार्क कमी पडलेल्या मुलासारखा.

"नाही पाठवत मला," हे म्हणाले.

मला कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे मी इथेच. भाई जाणार."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कॅन्टीनचा सगळा हिशेब उलटा होता. साहेब कुणाला घालवत नव्हतेच, ते ओडिशासाठी माणूस निवडत होते. प्लांटचा हेड म्हणून, बढती देऊन. दोन रविवार ते त्याचसाठी घेऊन गेले होते. माणूस कसा आहे ते खेळताना कळतं, असं त्यांचं मत. भाईंनी वीतभरही सोडलं नाही, ते त्यांना आवडलं. आणि यांना त्यांनी समोर बसवून, चहा देऊन, अगदी सभ्यपणे सांगितलं होतं, "आप अच्छे आदमी हैं. लेकिन नए प्लांट में अच्छा आदमी पहले महीने में डूब जाएगा." होळीच्या सुट्ट्यांचंही त्यांना सगळं माहीत होतं. इथली माणसं यांच्यासाठी जीव टाकून काम करतात, तेव्हा यांनी इथेच राहावं, हे बरं, असं म्हणाले. ओडिशात मात्र नाही म्हणू शकणारा माणूस हवा.

भाईंना तर हेच हवं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. हेड व्हायची त्यांची कधीपासूनची इच्छा, मूलबाळ अजून शाळेतही गेलेलं नव्हतं आणि बेननं त्याच संध्याकाळी सगळ्या सोसायटीत पेढे वाटले. मी दोन घेतले. आयुष्यात मी इतक्या मनापासून कुणाच्या बढतीचे पेढे खाल्लेले नाहीत. निघताना ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि मीही रडले, आणि माझ्या रडण्यात निम्मं तरी सुख होतं. ते तिला सांगितलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा, फाटकात, मला फक्त एक गोष्ट कळत होती. हे जाणार नाहीत. मी तिथल्या कट्ट्यावर बसून घेतलं. छातीवरचं ओझं उतरणं म्हणतात ना, ते खरंच उतरतं, अंगाला जाणवतं. श्वास पार खालपर्यंत गेला. शिजलेल्या खिचडीचा वास आला, जो मला सकाळपासून जाणवलाच नव्हता. मला हसू यायला लागलं आणि थांबवता येईना.

"हसतेस काय?" हे दुखावून म्हणाले. "साहेबांनी मला तोंडावर सांगितलं की हेड व्हायला मी लायक नाही."

"सांगू दे."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "मला इतकं बरं वाटतंय की ओरडावंसं वाटतंय. फोर म्हणून."

यांनाही मग हसू आलं. माझ्याशेजारी कट्ट्यावर बसले. खिचडी खाणारी दोन पोरं आमच्याकडे टक लावून बघायला लागली. मग हे बुटाच्या टोकानं माती उकरत म्हणाले, "मला हेड व्हायचंच नव्हतं. एकट्यानं राहायचं तर मुळीच नाही."

"मग झालं तर."

"पण त्यांनी विचारलं असतं ना," हे म्हणाले, "की जाता का, तर मी हो म्हणालो असतो."

मी त्यांच्याकडे बघितलं. हे थट्टा करत नव्हते.

"त्यांना गरज आहे म्हणून विचारतायत, असं मला वाटलं असतं," हे म्हणाले. "आणि समोर बसून मला नाही म्हणताच आलं नसतं. तुला माहितीय."

मला माहीत होतं. इतके दिवस मी साहेबांना भीत होते, भाईंच्या हातमोज्याला भीत होते, पोळपाटावरच्या वाटीला भीत होते. खरा धोका माझ्याशेजारी कट्ट्यावर बसला होता, आणि केवळ कुणी न विचारल्यामुळे टळला होता. मी यांचा हात धरला. शाळेच्या फाटकात, सगळ्या पोरांच्या देखत, आणि घंटा होईपर्यंत सोडला नाही.